लातूर ते परभणी: दिलेली अक्षरं असलेला लांबलचक इंग्रजी शब्द कसा शोधायचा

लातूरचं इंग्रजी स्पेलिंग एल-ए-टी-यू-आर. ही पाचही अक्षरं ज्यात कुठे ना कुठे येतात असा, होईल तितका लांब इंग्रजी शब्द सांगा म्हटलं की वर्गातली लेकरं आधी 'नॅचरल' म्हणतात. बरोबर आहे, सात अक्षरं झाली. जरा ताणलं की 'कल्चरल' येतं, आणि कुणीतरी 'अ‍ॅग्रिकल्चरल' म्हणून आकडा बारावर नेतं. तिथून पुढे मात्र गाडी अडते. मोठ्या माणसांचंही हेच होतं. डोळे मिटून एल, ए, टी घोकत बसायचं आणि एखादा शब्द आपोआप वर येण्याची वाट बघायची, याला शोध म्हणत नाहीत.

आपल्या डोक्यात शब्द अक्षरांप्रमाणे लावलेले नसतात. ते आवाजाने, अर्थाने, फार तर पहिल्या अक्षराने सापडतात. आणि इंग्रजीतला दहा-बारा अक्षरांच्या पुढचा शब्द बहुतेक वेळा जोडकाम असतो. पुढे उपसर्ग, मध्ये मूळ शब्द, मागे एक-दोन प्रत्यय. म्हणून दिलेल्या अक्षरांत शब्द शोधायचा नाही, आधी तुकडा शोधायचा. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

स्पेलिंग आपण शाळेत मोठ्याने म्हणायचो, सी-ए-टी कॅट, तसंच इथे देवनागरीत दिलं आहे. हाताशी कागद घ्या आणि इंग्रजीत उतरवत वाचा, म्हणजे प्रत्येक अक्षर पडताळता येईल.

आधी नियम पक्का करा

या खेळातली निम्मी भांडणं नियम न ठरवल्यामुळे होतात. चार गोष्टी आधीच बोलून घ्या.

पहिली गोष्ट, दिलेल्या अक्षरांशिवाय दुसरी अक्षरं चालतात का? हे दोन अगदी वेगळे खेळ आहेत. 'फक्त हीच अक्षरं वापरा' म्हटलं की शब्दाची लांबी आधीच बांधली जाते. 'ही अक्षरं असलीच पाहिजेत, बाकी काहीही चालेल' म्हटलं की मैदान मोकळं. हा लेख मुख्यतः दुसऱ्या खेळाबद्दल आहे.

दुसरी गोष्ट, एखादं अक्षर दोनदा दिलं असेल तर शब्दातही ते दोनदा हवं का? बीडमध्ये ई दोनदा आहे, नांदेडमध्ये एन आणि डी दोन्ही दोनदा. माझं मत विचाराल तर दोनदा दिलं तर दोनदाच हवं, नाहीतर खेळात दम राहत नाही. पण हे आधी ठरलेलं असावं.

तिसरी, अक्षरं दिलेल्या क्रमाने यावीत की कशीही? एकमेकांना चिकटून यावीत का? क्रमाची अट घातली की काम कितीतरी अवघड होतं. नवशिक्यांनी 'कशीही, कुठेही' इथूनच सुरुवात करावी.

चौथी, कोश कोणता? घरातल्या खिशात मावणाऱ्या डिक्शनरीत नसलेले हजारो शब्द मोठ्या कोशात असतात. विशेषनामं, जोडरेघ असलेले शब्द आणि नुसता एस लावून केलेलं अनेकवचन हे तीन प्रकार चालणार की नाही तेही सांगून टाका. 'आयझेशन'वाल्या शब्दांत ब्रिटिश लोक बऱ्याचदा झेडऐवजी एस लिहितात. दिलेल्या अक्षरांत झेड असेल तर हा फरक फार कामाचा ठरतो.

अक्षरांच्या चिठ्ठ्या करा

जुन्या लग्नपत्रिका घरात पडलेल्या असतातच. त्यांच्या कोऱ्या बाजूचे अंगठ्याएवढे चौकोन कापा आणि एकेकावर एक अक्षर लिहा. दिलेली अक्षरं एका ओळीत मात्र मांडू नका. पी-ए-आर-बी-एच-ए-एन-आय असं ओळीत दिसलं की डोळा 'परभणी'च वाचतो, त्याला दुसरं काही सुचत नाही. चिठ्ठ्या गोलात मांडा. स्वर एका बाजूला ठेवा, व्यंजनं दुसऱ्या बाजूला. एच दिसला की त्याच्याजवळ सी, एस, टी, पी, जी यांतलं जे असेल ते सरकवून बघा, कारण इंग्रजीत एच बहुधा यांच्याच पाठीशी उभा असतो. क्यू असेल तर यू लगेच शेजारी आणा. दिलेल्या अक्षरांत यू नसेल तरी तो येणार असं धरूनच चला.

सगळ्यात अडेल अक्षर आधी

ई, ए, टी, आर, एन, आय ही अक्षरं बहुतेक लांब शब्दांत येतात, त्यांची काळजी आधी करू नका. शोध सुरू करायचा तो सर्वांत कमी वापरातल्या अक्षरापासून.

कुठलं अक्षर किती दुर्मीळ हे पाठ करायचं नसेल तर स्क्रॅबलच्या सोंगट्यांवरचे गुण बघा. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात, मंदीत काम गेलेलं असताना, वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हा खेळ बेतला. त्याच्या शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत, ए आणि आय नऊ-नऊ. क्यू, झेड, जे, एक्स आणि के फक्त एकेक. क्यू-झेडला दहा गुण, जे-एक्सला आठ, केला पाच. एफ, एच, व्ही, डब्ल्यू, वाय यांना चार-चार. गुण जास्त म्हणजे अक्षर अडेल, इतका सोपा हिशोब.

अडेल अक्षरांची ठरलेली घरं असतात. ती माहीत असली की निम्मं काम झालं. जे बहुधा 'जेक्ट'मध्ये सापडतो: ऑब्जेक्ट, सब्जेक्ट, प्रोजेक्ट, रिजेक्ट. नाहीतर न्यायाच्या घरात, म्हणजे जज, ज्युरी, ज्युरिस्डिक्शन. नाहीतर 'जॉइन', 'जंक्शन', 'जर्नल', 'अ‍ॅडजस्ट' यांत. व्ही असला तर 'ओव्हर', 'व्हर्स', 'इव्ह', 'इव्हिटी' चाचपून बघा. एक्स 'एक्स' आणि 'एक्स्ट्रा' या उपसर्गांत, 'टॉक्सिक'च्या आणि 'ऑक्सिजन'च्या कुटुंबात. झेडसाठी 'आइझ' आणि 'आयझेशन'. वाय बहुतेक वेळा शब्दाच्या अगदी शेवटी, 'ली', 'इटी', 'लॉजी', 'ग्राफी'त. नाहीतर 'हायपर', 'पॉली', 'सायको'त.

के जरा वेगळा. तो जुन्या, घरगुती इंग्रजी शब्दांत जास्त असतो आणि 'शन', 'इटी' असल्या लॅटिन वळणाच्या शेपट्या त्याला फारशा लागत नाहीत. म्हणून के आला की प्रत्यय सोडा आणि दोन शब्द जोडून झालेले शब्द आठवा: वर्क, बुक, बॅक, मेकर ज्यांत आहेत ते.

शेपूट ओळखा, मग डोकं

आता दिलेल्या अक्षरांत कुठली शेपटी पूर्ण किंवा अर्धी बसते ते बघा. आय-एन-जी. टी-आय-ओ-एन. एम-ई-एन-टी. एन-ई-एस-एस. ए-बी-एल-ई. एस-एच-आय-पी. आय-सी-ए-एल. ओ-एल-ओ-जी-वाय. ही आठ शेपटं वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. शेपटीत वापरली गेलेली अक्षरं बाजूला काढा आणि उरलेल्यांचा विचार करा. आठ अक्षरांचं ओझं एकदम चारवर येतं.

डोकं म्हणजे उपसर्ग: अंडर, ओव्हर, इंटर, काउंटर, ट्रान्स, अल्ट्रा, मायक्रो, मल्टी, डिस, मिस, अन, नॉन. शब्द सापडला की शेपटीवर शेपूट चढवून तो वाढवत न्यायचा. 'नेशन'चं 'नॅशनल', त्याचं 'नॅशनलाइज', मग 'नॅशनलायझेशन' आणि पुढे 'इंटर' लावलं की 'इंटरनॅशनलायझेशन', पूर्ण वीस अक्षरं. कॉम्प्युटरवाले हा शब्द लिहायचा कंटाळा करतात आणि नुसतं 'आय-१८-एन' लिहितात. पहिला आय, शेवटचा एन आणि मध्ये अठरा अक्षरं, म्हणून.

मराठवाड्याचे जिल्हे घेऊन

पद्धत वाचून कळत नाही, करून कळते. म्हणून आपल्याच जिल्ह्यांची नावं घेऊ. नियम असा: बाकी अक्षरं चालतील, पण दोनदा दिलेलं अक्षर दोनदा हवं.

नांदेड. एन-ए-एन-डी-ई-डी. अडेल अक्षर एकही नाही, अडचण आहे ती दोन एन आणि दोन डी यांची. एकाच तुकड्यात दोन-दोन एन-डी शोधायला गेलात की फसता. दोन तुकडे करा, प्रत्येकात एक एन आणि एक डी. 'अंडर' या डोक्यात एन, डी आणि ई गेले. उरले एन, ए, डी. ते 'स्टँड'मध्ये आहेत. झालं 'अंडरस्टँड'. आता वाढवा: 'अंडरस्टँडिंग' तेरा अक्षरांचं, आणि पुढे 'मिस' लावून 'मिसअंडरस्टँडिंग' सोळा अक्षरांचं.

हिंगोली. एच-आय-एन-जी-ओ-एल-आय. आय-एन-जी समोरच पडलेलं आहे. ते उचललं की एच, ओ, एल आणि आय उरतात. एचच्या शेजारी एस आणला तर 'इश' होतो आणि शेवटी 'इश' असलेली क्रियापदं आठवायची: पॉलिश, अ‍ॅबॉलिश, डिमॉलिश. तिघांतही ओ आणि एल आहेतच. 'डिमॉलिशिंग' अकरा अक्षरांचं. यावर समाधान मानू नका, दुसरी वाट आहे. ओ, एल आणि जी दिसले की 'ऑलॉजी'चं कुटुंब आठवलंच पाहिजे. एच आणि एन तिथे आणणारा शब्द 'टेक्नॉलॉजी'. पण आय दोन हवेत आणि 'टेक्नॉलॉजिस्ट'मध्ये एकच आहे. पुढे 'बायो' लावलं की दुसरा आय मिळाला: 'बायोटेक्नॉलॉजिस्ट', पंधरा. शेपूट बदलून 'बायोटेक्नॉलॉजिकल' केलं की सोळा. अक्षर कमी पडलं तर शब्द टाकून देऊ नका. जे अक्षर कमी आहे ते असलेलं डोकं किंवा शेपूट लावून बघा.

जालना. जे-ए-एल-एन-ए. इथे राजा जे आहे, बाकी चार अक्षरं त्याच्या मागे येणार. जेची घरं एकेक करून बघा. 'जेक्ट' घेतलं तर एल आणि दोन ए बाहेरून आणावे लागतात. 'जर्नल'मध्ये जे, एन, ए, एल एका फटक्यात मिळतात, फक्त दुसरा ए कमी. 'जर्नलिस्ट' केलं तरी एकच ए. 'जर्नलिस्टिक' केलं तरी एकच. क्रियाविशेषणाची शेपूट लावताना मात्र 'इक'च्या पुढे सहसा नुसतं एल-वाय लागत नाही, ए-एल-एल-वाय लागतं. तिथे दुसरा ए सापडतो. 'जर्नलिस्टिकली': जे-ओ-यू-आर-एन-ए-एल-आय-एस-टी-आय-सी-ए-एल-एल-वाय. सोळा अक्षरं.

बीड. बी-ई-ई-डी. चारच अक्षरं, म्हणून सोपं वाटतं आणि खरंच सोपं आहे. ए-बी-एल-ई ही शेपटी बी आणि एक ई संपवते, उरतात ई आणि डी. 'अंडरस्टँडेबल' चौदा, 'बायोडिग्रेडेबल' तेरा. 'डिसअ‍ॅग्रिएबल'ला 'नेस' जोडलं की सोळा. अक्षरं कमी असली की शब्द सापडणं सोपं असतं, सर्वांत लांब शब्द सापडणं अवघड, कारण उमेदवार फार असतात.

परभणी. हे माझ्या आवडीचं. पी-ए-आर-बी-एच-ए-एन-आय, आठ अक्षरं. बी, एच आणि पी जड आहेत. पी-एच दिसला की प्रत्येक वर्गात कुणीतरी ओरडतंच, "सर, बायोग्राफी बसायली!" आणि ती बसतेच जवळपास. दोन ए पाहिजेत म्हणून 'ऑटोबायोग्राफिकल'पर्यंत जाता येतं: ए-यू-टी-ओ-बी-आय-ओ-जी-आर-ए-पी-एच-आय-सी-ए-एल. सोळा अक्षरं, पी आहे, बी आहे, एच आहे, आर, आय, दोनच काय तीन ए आहेत. मागच्या बाकावरून आवाज येतो, "एन कुठाय पण?" आणि खरंच, एन नाही. पुढे 'नॉन' डकवून एन आणता येईल, पण असे 'नॉन' लावलेले शब्द सगळे कोश छापत नाहीत, त्यामुळे वादाला तोंड फुटतं.

अशा वेळी आधीचा तुकडा सोडून द्यायची हिंमत हवी. पी आणि एच एकत्र येण्याची दुसरी जागा म्हणजे एस-एच-आय-पी. 'शिप' शेपटीला लावलं की पी, एच आणि आय तिन्ही गेले. उरले ए, आर, बी, ए, एन. 'शिप' लागतं ते बहुधा माणसाच्या नावाला: लीडर, सिटिझन, ओनर, मेंबर. मग प्रश्न असा उरला की ज्यात बी, आर, एन आणि दोन ए आहेत असा माणूस कोण? ग्रंथपाल. 'लायब्ररियन'. पूर्ण शब्द 'लायब्ररियनशिप': एल-आय-बी-आर-ए-आर-आय-ए-एन-एस-एच-आय-पी, तेरा अक्षरं. 'ऑटोबायोग्राफिकल'पेक्षा तीन कमी, पण नियमात चोख बसणारा.

धाराशिव. डी-एच-ए-आर-ए-एस-एच-आय-व्ही. नऊ अक्षरं, त्यात दोन एच आणि वर व्ही. 'दोनदा तर दोनदाच' हा नियम इथे जिवावर येतो. तो सैल करून प्रत्येक अक्षर एकदा असलं तरी चालेल असं ठरवलं की वाट निघते. व्हीचं घर 'ओव्हर'. त्यात व्ही आणि आर गेले. उरले डी, एच, ए, एस, आय. 'शॅडो'मध्ये एस, एच, ए, डी आहेत आणि आय देणारी आय-एन-जी शेपटी कुठे गेलेली नाही. 'ओव्हरशॅडोइंग', तेरा अक्षरं.

छत्रपती संभाजीनगरचं पूर्ण स्पेलिंग घेऊन बसायचं असेल तर तो नाद सोडा. नुसत्या 'संभाजीनगर'मध्येच चार ए, एक जे आणि एक बी आहे.

आणि लातूर. एल-ए-टी-यू-आर. सुरुवातीला हे अर्धवट सोडलं होतं. 'टी-यू-आर-ए-एल' शेपटीने 'आर्किटेक्चरल' तेरावर जातं. पण चिठ्ठ्या गोलात मांडून यूपासून वाचायला सुरुवात करा: यू-एल-टी-आर-ए. लातूरची पाच अक्षरं म्हणजेच 'अल्ट्रा'! आता 'अल्ट्राव्हायोलेट', 'अल्ट्रासाउंड', पाहिजे तो शब्द घ्या. आणि मोठ्या इंग्रजी कोशांत छापलेला सर्वांत लांब म्हणून ज्याचं नाव नेहमी घेतलं जातं, तो पंचेचाळीस अक्षरांचा 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्कॅनोकोनिओसिस' हा शब्द, त्याच्याही पोटात ही पाच अक्षरं आहेत. अतिसूक्ष्म सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन होणाऱ्या आजाराचं हे नाव. अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडीप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी ते १९३५ साली मुद्दाम लांब व्हावं म्हणून जुळवलं होतं. मी स्पर्धेत हा शब्द बाद धरतो. दर दुसऱ्या प्रश्नाला तेच उत्तर यायला लागलं तर खेळायचं कशाला? तुम्ही काय करायचं ते नियम ठरवतानाच ठरवा.

हाताशी ठेवायचे हुकमी शब्द

काही लांब शब्दांत वेगवेगळी अक्षरं इतकी असतात की कुठल्याही प्रश्नात ते आधी लावून बघावेत. 'अनकॉपीराइटेबल' पंधरा अक्षरांचा आहे आणि त्यात एकही अक्षर दोनदा येत नाही: यू-एन-सी-ओ-पी-वाय-आर-आय-जी-एच-टी-ए-बी-एल-ई. बोटांवरच्या, तळहातावरच्या रेषांच्या अभ्यासाला 'डर्मॅटोग्लिफिक्स' म्हणतात, त्यातही पंधरा अक्षरं, सगळी वेगळी. या दोन शब्दांत मिळून सव्वीसपैकी अठरा अक्षरं येतात. बाहेर राहतात ती एफ, जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड. म्हणजे ज्यांच्यापासून शोध सुरू करायचा तीच मंडळी.

पाचही स्वर मागितले तर 'एज्युकेशन' सगळ्यांना येतं. त्यापुढे 'क्वेश्चनेअर' तेरा अक्षरांचा, क्यूसकट. 'अनक्वेश्चनेबली' चौदा अक्षरांचा, त्यात पाच स्वर आहेतच, वर क्यू आणि वायही आहेत.

कागदी कोश वापरताना

छापील डिक्शनरी पहिल्या अक्षराने लावलेली असते, त्यामुळे शेपटीवरून शब्द शोधायला ती कुचकामी. शब्दांच्या शेवटाप्रमाणे लावलेले कोशही असतात, जॉन वॉकर यांनी तसा एक १७७५ मध्येच केला होता, पण ते आपल्या गावच्या वाचनालयात मिळतील याची आशा धरू नका. साध्या कोशात शोधताना डोक्यावरून जा. अडेल अक्षर असलेले उपसर्ग घ्या, 'ओव्हर'ची पानं उघडा आणि फक्त दहा अक्षरांच्या पुढचे शब्द बोट फिरवत बघा. दिवे गेलेले असताना हे काम दोघांत छान होतं, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने चिठ्ठ्या उलट्या करायच्या.

कॉम्प्युटर आणि फोन

डोक्याने जमेल तेवढं करून झालं की मग यंत्र. इंटरनेटवर इंग्रजी शब्दांच्या साध्या याद्या फुकट मिळतात, एका ओळीत एक शब्द अशा. शब्दखेळांसाठी केलेली 'एनेबल' नावाची यादी सार्वजनिक मालकीची आहे आणि तिच्यात पावणेदोन लाखांच्या आसपास शब्द आहेत.

ही यादी एक्सेलच्या पहिल्या कॉलममध्ये दुसऱ्या ओळीपासून उतरवा. एक्सेलच्या एका पानात दहा लाखांहून जास्त ओळी मावतात, त्यामुळे जागेची अडचण नाही. पहिल्या ओळीत, दुसऱ्या कॉलमपासून पुढे, दिलेली अक्षरं एकेका चौकटीत लिहा. प्रत्येक अक्षराखाली 'सर्च' हे फंक्शन लावा: वरचं अक्षर डावीकडच्या शब्दात शोध. सूत्रात अक्षराची ओळ आणि शब्दाचा कॉलम डॉलरचं चिन्ह लावून पक्का करा, नाहीतर खाली ओढताना सगळं घसरतं. अक्षर सापडलं तर चौकटीत त्याची जागा आकड्यात येते, नाही सापडलं तर एरर. शेवटी दोन कॉलम वाढवा. एकात 'काउंट', तो फक्त आकडे मोजतो, एरर सोडून देतो. दुसऱ्यात 'लेन', तो शब्दाची लांबी सांगतो. आता फिल्टर लावून काउंट अक्षरांच्या संख्येइतका आहे तेवढ्याच ओळी ठेवा आणि लेनवर उतरत्या क्रमाने लावा. सर्वांत वर तुमचं उत्तर.

अक्षर दोनदा हवं असेल तर 'सर्च' पुरत नाही, तो पहिल्या जागेवरच थांबतो. तिथे शब्दाच्या लांबीतून, 'सब्स्टिट्यूट' वापरून ते अक्षर काढून टाकलेल्या शब्दाची लांबी वजा करा. वजाबाकी म्हणजे ते अक्षर किती वेळा आलं तो आकडा. 'सब्स्टिट्यूट' मोठी आणि लहान अक्षरं वेगळी धरतो, म्हणून सगळी यादी लहान अक्षरांत असू द्या.

फोनवर एवढी मोठी यादी जड जाते. दहा अक्षरांपेक्षा लहान शब्द आधी उडवा, मग काम करा. ज्यांना लिनक्स येतं त्यांनी 'ग्रेप'च्या चाळण्या एकापुढे एक लावाव्यात, दर अक्षराला एक.

यादी नको असेल तर 'वनलुक'सारख्या शोधकोशात खुणा देऊन शोधता येतं. तारा म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक अक्षर. तारा, मग जे, मग तारा, आणि शेवटी ए-एल-एल-वाय असं दिलं की जे असलेली आणि त्या शेपटीची सगळी क्रियाविशेषणं समोर येतात. अक्षरांचा क्रम ठरलेला असेल तेव्हा ही वाट सर्वांत सोयीची.

आजकाल लेकरं थेट चॅटबॉटला विचारतात. विचारा, पण उत्तर तपासल्याशिवाय वहीत लिहू नका. ही यंत्रं मजकूर अक्षर-अक्षर न वाचता तुकड्यांनी वाचतात, त्यामुळे अक्षरं मोजण्यात ती ठामपणे चुकतात. नसलेला एन आहे म्हणून सांगतात.

फक्त दिलेलीच अक्षरं चालणार असतील तर

हा पहिला खेळ थोडक्यात. इथे शब्दाची सही काढायची, म्हणजे त्याची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावायची. 'लिसन'ची सही ई-आय-एल-एन-एस-टी. 'सायलेंट'ची सहीही तीच, 'एनलिस्ट' आणि 'टिन्सेल' यांचीही तीच. यादीतल्या प्रत्येक शब्दाची सही एकदा काढून ठेवली की उलटापालटीचं कुठलंही कोडं चुटकीसरशी सुटतं. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करणाऱ्या लेकरांना ही सवय हातानेच लावा, कॉम्प्युटरशिवाय.

उत्तर लिहिण्याआधी

सापडलेला शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि दिलेल्या अक्षराची प्रत्येक चिठ्ठी शब्दातल्या त्या अक्षरावर नेऊन ठेवा. एक चिठ्ठी एकाच अक्षरावर. सगळ्या चिठ्ठ्या बसल्या तरच शब्द खरा. मग लांबी मोजा, पाच-पाचचे गट पाडून, म्हणजे चूक होत नाही. त्यानंतर ठरलेला कोश उघडा. शब्द कोशात आहे पण तुम्हाला अर्थ माहीत नाही, असं असेल तर अर्थही लिहून घ्या. माझ्याकडे अर्थ न सांगता आलेल्या शब्दाला निम्मेच गुण मिळतात.

सरावासाठी तालुके

उत्तरं देत नाही, इशारे देतो. दोनदा दिलेलं अक्षर दोनदाच हवं.

अंबड, ए-एम-बी-ए-डी: चौदा अक्षरं, 'शिप' शेपटी, माणूस परदेशात नेमलेला.

जिंतूर, जे-आय-एन-टी-यू-आर: चौदा अक्षरं, जेचं न्यायाचं घर बघा.

परतूर, पी-ए-आर-टी-यू-आर: बारा अक्षरं, 'सुपर' डोक्यावर घ्या.

उदगीर, यू-डी-जी-आय-आर: तेरा अक्षरं, 'मेंट' शेपटी, चेहऱ्याला होतं. हे नको असेल तर वर नांदेडला सापडलेला शब्दच इथे लावून बघा.

पैठण, पी-ए-आय-टी-एच-ए-एन: पंधरा अक्षरं, माणसाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचं विशेषण, शेवटी आय-सी-ए-एल.